रसद नेणाऱ्यांना भिंतीबाहेर ठेवू नका

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
युद्धस्मारक समिती

सप्रेम नमस्कार.

शहरात उभ्या राहणाऱ्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर कोणाची नावे कोरायची, याचे निकष आपण नुकतेच जाहीर केले. हवाई दलाविषयी त्यात दोनच ओळी आहेत. ज्यांनी ‘प्रत्यक्ष लढाईत’ भाग घेतला त्यांचीच नावे घेतली जातील, आणि वाहतूक, पुरवठा व नियमित उड्डाणांत मृत्यू आलेल्यांचा विचार होणार नाही. मी आपल्या कार्यालयात येऊन याचे कारण विचारले. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि सौजन्याने सांगितले, “मॅडम, ते अपघात आहेत. कुठेतरी रेघ ओढावी लागते.”

रेघ ओढावी लागते हे मला मान्य आहे. पण आपण ती अशा जागी ओढली आहे की १९४७ पासून या देशाच्या सीमेवर ज्यांनी जवान, दारूगोळा, पीठ आणि रॉकेल नेले, ते सगळे पलीकडे राहिले. त्यामुळे समितीला लिहायचे ते सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी माझा संबंध काय ते सांगते. माझे वडील हवाई दलात वाहतूक वैमानिक होते. आधी पॅकेट आणि नंतर एएन-१२ ही विमाने त्यांनी चालवली. माझे बालपण चंदीगडच्या हवाई दलाच्या वसाहतीत गेले. बाबांचे नाव भिंतीवर यावे अशी माझी मागणी नाही. ते सुखरूप निवृत्त झाले, नातवंडांत रमले आणि आपल्या घरी, आपल्या अंथरुणात गेले. पण त्यांच्याबरोबर पहाटे ब्रीफिंगला बसणारे काहीजण दुपारी परतले नाहीत. त्यांच्या बायकामुलांच्या शेजारी मी लहानाची मोठी झाले आहे, आणि आपली ती ओळ वाचल्यावर मला गप्प बसवेना.

बाबांची उड्डाणाची लॉगबुके माझ्याकडे आहेत. दिवसाचे उड्डाण काळ्या शाईने आणि रात्रीचे लाल शाईने. तारीख, विमानाचा क्रमांक, सोबतचे सहकारी, कुठून कुठे, किती वेळ. शेवटच्या रकान्यात काम लिहायचे, आणि तिथे बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे: रेशन. मधूनच कुठे ‘खोऱ्यात ढग, माल परत’, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा तीच चौकी, तेच रेशन. शौर्याचे एक वाक्य त्या पानांत सापडणार नाही. आपल्या समितीपुढे ही पाने ठेवली असती तर आपणही ‘नियमित उड्डाणे’ असा शेरा मारून ती मिटली असती, हे मला समजते. म्हणूनच त्या शब्दामागे काय असते ते सांगणे मला भाग आहे.

लेहच्या धावपट्टीवर विमाने एका बाजूने उतरतात आणि त्याच बाजूने बाहेर पडतात, कारण दुसऱ्या टोकाला डोंगर आहे. उतरताना काही चुकले तर पुन्हा वर उचलून फेरी मारण्याची मुभा फार थोडी. ऊन चढले की खोऱ्यात वारा सुटतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचल मिळत नाही. त्यामुळे सगळे काम सकाळच्या काही तासांत उरकायचे. म्हणून चंदीगडची विमाने अंधारातच उठत. थंडीच्या दिवसांत लेहला इंजिन बंद करण्याचीही सोय नसे. एकदा थंड पडले तर ते पुन्हा सुरू होईल याची खात्री कोण देणार? पंखे फिरत असतानाच माल उतरायचा, जखमी, आजारी आणि रजेवर निघालेले जवान चढायचे, की लगेच माघारी. कधी कधी शवपेट्या असत. त्या दिवशी बाबा घरी आले की कोणाशी बोलत नसत.

आता आपला निकष इतिहासाला लावून पाहू या.

आपल्या आराखड्यात काश्मीरच्या पहिल्या युद्धाचा फलक आहे. त्यावर मजकूर आहे, ‘२७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैन्य श्रीनगरला दाखल झाले.’ कसे दाखल झाले? त्या पहाटे दिल्लीहून डाकोटा ही वाहतूक विमाने निघाली. पहिल्या तुकडीचे नेतृत्व बारा क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर के. एल. भाटिया यांच्याकडे होते, आणि आत लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या पहिल्या शीख पलटणीचे जवान होते. पाकिस्तानातून घुसलेले टोळीवाले हल्लेखोर बारामुल्लापर्यंत आलेले. श्रीनगरचा तळ आपल्या ताब्यात आहे की गेला, हे विमानात बसलेल्या कोणालाही ठाऊक नव्हते. वरून घिरट्या घालून बघा, तळ गेला असेल तर जम्मूला वळा, एवढीच सूचना. कच्ची धावपट्टी, मार्गदर्शनाची साधने नाहीत, परतीच्या इंधनाची चिंता. तरीही ते उतरले, माणसे उतरवून परत गेले आणि पुढची माणसे घेऊन आले. खासगी कंपन्यांचे डाकोटा आणि त्यांचे नागरी वैमानिकही या कामाला जुंपले गेले होते. कर्नल राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. आपल्या फलकावर त्यांचे नाव आहे, ते असलेच पाहिजे. त्यांना तिथवर नेणाऱ्यांचा मात्र उल्लेखही नाही. आपला निकष सांगतो की त्या सकाळी वैमानिक लढाईत नव्हते, कारण त्यांनी गोळी झाडली नाही.

पुढच्या वर्षी लेह धोक्यात आले. जमिनीचा रस्ता तुटला होता. लडाखी अभियंता सोनम नोरबू यांनी तिथल्या लोकांना हाताशी धरून सिंधूकाठी एक ओबडधोबड पट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर पहिला डाकोटा उतरवला. विमानात मेजर जनरल थिमय्या स्वतः होते. डाकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्या डोंगररांगांतून कोणी तशी विमाने नेली नव्हती, आणि वाट माहीत असलेले कोणी सोबत नव्हते. पाठोपाठ गुरखा जवान उतरले आणि लेह वाचले. वेढ्यात सापडलेल्या पूंछलाही वर्षभर जगवले ते याच विमानांनी. तिथे त्यांनी तोफा उतरवल्या आणि परतताना निर्वासितांना बाहेर काढले. मेहर सिंगांना महावीर चक्र मिळाले. म्हणजे त्या वेळच्या सरकारला हे शौर्य ओळखता आले होते.

१९६२ कडे येऊ. त्या वर्षी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखच्या उत्तर टोकाला दौलत बेग ओल्डी इथे पॅकेट विमान उतरवले. सोळा हजार फुटांहून उंच जागा, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. अशा उंचीसाठी पॅकेटच्या पाठीवर आपल्याकडे एक जादा जेट इंजिन बसवले गेले होते. ऑक्टोबरात चीनचा हल्ला झाल्यावर लडाखमधल्या चुशुलला रणगाडे हवे होते आणि रस्त्याने ते वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. एएन-१२ हवाई दलात येऊन जेमतेम दीड वर्ष झाले असेल. त्या विमानांच्या पोटात एएमएक्स रणगाडे घालून ते चौदा हजार फुटांवरच्या चुशुलला उतरवले गेले. चुशुलच्या लढाईवर आपण आख्खा फलक ठेवला आहे. तिथले रणगाडे काय वाऱ्यावर आले?

आणि १९७१. या फलकाचा मजकूर वाचताना तर मला समितीचे नवल वाटले. आपण पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, म्हणजे आपल्या जंगी पलटणीचा, अभिमानाने उल्लेख केला आहे. १२ डिसेंबरला तिने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पुंगली पुलापाशी दुसऱ्या पॅरा बटालियनशी हातमिळवणी केली. बरोबर आहे. पण पॅराचे जवान त्या पुलापाशी आले कुठून? आदल्या दुपारी जवळच्या टांगाइलवर एएन-१२, पॅकेट, डाकोटा आणि कॅरिबू विमानांच्या ताफ्यातून त्यांनी उड्या मारल्या होत्या. तो ताफा डमडम आणि कलाईकुंडाहून निघाला होता. उडी मारणारा वीर, त्याला भेटणारा वीर, आणि शत्रूच्या प्रदेशावर विमान संथ, सरळ आणि खाली धरून ठेवणारा मात्र नियमित सेवेतला?

याच युद्धात एएन-१२ वाल्यांनी रात्री बॉम्बफेकही केली. मालवाहू विमान, त्याच्या मागच्या दारातून बॉम्ब लोटायचे. विंग कमांडर वसिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली अशा विमानांनी पाकिस्तानातल्या चांगा मांगाच्या जंगलातले दारूगोळ्याचे साठे गाठले, आणि वसिष्ठांना महावीर चक्र मिळाले. तीच विमाने, तेच वैमानिक, एरवी पिठाची पोती नेणारे. आपल्या निकषाप्रमाणे हा माणूस रात्री योद्धा ठरतो आणि दुसऱ्या दिवशी लेहला जाताना डोंगरावर आदळला तर अपघातग्रस्त. असा निकष कोणाच्या हिशेबात बसतो?

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार या अपघात ठरवण्याबद्दलच आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी एक एएन-१२ चंदीगडहून लेहला निघाले. आत १०२ जण होते, बहुतेक जण चौक्यांवर रुजू व्हायला निघालेले जवान. पुढे हवामान बिघडल्याने वैमानिकाने विमान माघारी वळवले आणि रोहतांगच्या परिसरात ते दिसेनासे झाले. मी तेव्हा शाळेत होते. वसाहतीत बायका एकमेकींच्या घरी जाऊन बसत, पण विषय कोणी काढत नसे. फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला की सगळ्या उठून खिडकीशी जात. पुढे काय काय अफवा उठल्या, त्या घरांनी काय काय ऐकून घेतले, ते इथे लिहीत नाही. २००३ साली गिर्यारोहकांना हिमनदीवर पहिले अवशेष सापडले. त्यानंतर शोधमोहिमा होत राहिल्या आणि २०२४ मध्ये आणखी चार जणांचे देह मिळाले. छप्पन्न वर्षांनी! वाट बघणारी किती माणसे तोवर निघून गेली होती. लष्कराने त्या चौघांना तिरंग्यात गुंडाळून सन्मानाने घरी पोहोचवले. सेनेने त्यांना आपले मानले. आपली समिती त्यांच्यासारख्यांना नाव नाकारते आहे.

हे जुने झाले असे म्हणाल तर २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ घ्या. २९ जण. बंगालच्या उपसागराच्या तळाशी, सुमारे ३,४०० मीटर खोलीवर, त्याचे अवशेष ओळखले गेल्याचे २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले. किंवा ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालेले एएन-३२ घ्या. तेरा जण. आठ दिवस शोध चालला, मग डोंगरावर सांगाडा दिसला. मेचुकाला ते सहलीला चालले नव्हते. सीमेवरची ठाणी जिवंत ठेवायची तर कोणीतरी अशा खोऱ्यांत रोज शिरावे लागते, शांततेच्या काळातही. शत्रूची तोफ थांबते. हिमालयातले ढग थांबत नाहीत. युद्ध संपले म्हणून वाहतूक स्क्वाड्रनचे काम हलके झाले असे बाबांच्या नोकरीत एकदाही घडले नाही.

दुसरी तक्रार अशा माणसांबद्दल आहे ज्यांचा विचार बहुधा कोणाच्याच मनात आला नसेल. आपल्या अर्जाच्या नमुन्यात हवाई दलाखाली ‘वैमानिक’ एवढाच रकाना आहे. वाहतुकीचे विमान एकटा माणूस चालवत नाही. सहवैमानिक असतो, वाट काढणारा नेव्हिगेटर असतो, सिग्नलर असतो, इंजिनांकडे कान लावून बसलेला फ्लाइट इंजिनिअर असतो, माल बांधणारा लोडमास्टर असतो. आणि हवेतून माल टाकताना मागे उभे असतात ते सेनेच्या पुरवठा दलाचे, एएससीचे जवान. त्यांना इजेक्शन क्रू म्हणतात. डाकोटाचे बाजूचे दार काढूनच ठेवलेले असे. त्या उघड्या दारापाशी, हाडे गोठवणाऱ्या वाऱ्यात, विरळ हवेत हे लोक पोत्यांची थप्पी रचून उभे राहत. धान्य दुहेरी पोत्यात भरलेले असे, म्हणजे आपटल्यावर आतले फाटले तरी बाहेरचे टिकावे. दगडावर रंगवलेली खूण दिसली की पुढून घंटा वाजे, आणि विमान त्या चिमुकल्या मैदानावरून जाईपर्यंतच्या मोजक्या सेकंदांत जमेल तेवढे लोटायचे. मग अरुंद खोऱ्यात वळण घेऊन पुन्हा तेच, माल संपेपर्यंत. लोटताना तोल गेला की खाली डोंगर. बाबा म्हणत, आम्ही निदान समोर बघू शकत होतो, त्यांना फक्त आमच्यावर भरवसा टाकून उभे राहावे लागे. हे जवान विमानाबरोबर गेले तर आपल्या यादीत ते कुठे बसतात? हवाई दलाच्या रकान्यात नाहीत, कारण ते सेनेचे. सेनेच्या रकान्यात नाहीत, कारण ते ‘लढाईत’ पडले नाहीत. दोन रकान्यांमधल्या फटीत आपण त्यांना टाकून दिले आहे.

तिसरी तक्रार स्मारकाच्या आवारात ठेवायच्या विमानाबद्दल. आपण फक्त लढाऊ विमानासाठी अर्ज केला आहे. लढाऊ वैमानिकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. हवाई दलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीर चक्र फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचे, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी ते लढले श्रीनगरच्या तळावरून. तो तळ आपल्याकडे राहिला कोणामुळे, ते वर लिहिलेच आहे. लढाऊ विमान आणाच, पण एकटे आणू नका. हवाई दलाने स्वतः २०१८ मध्ये दुरुस्त केलेला एक जुना डाकोटा पुन्हा ताफ्यात घेतला, त्याला ‘परशुराम’ नाव दिले, आणि शेपटीवर १९४७ मधल्या श्रीनगरच्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवला. दलाला जे आठवते ते शहरालाही आठवायला हवे.

शेवटची तक्रार छोटी. निकष ठरवताना समितीने हवाई दलातल्या निवृत्तांना किंवा कुटुंबांना बोलावले नाही. शहरात आम्ही बरेच आहोत. बोलावले असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. निकषांतली वाहतूक आणि पुरवठ्याविषयीची ओळ काढून टाका. सैनिकी कामगिरीवरच्या उड्डाणात ज्यांचा मृत्यू झाला, ते कोणतेही विमान असो आणि वर्ष युद्धाचे असो वा नसो, ते सर्व पात्र धरा. अर्जात ‘वैमानिक’ऐवजी ‘विमानातील सर्व कर्मचारी’ असा रकाना करा, आणि एएससीच्या जवानांचा तिथे नावाने उल्लेख करा. १९४७, १९६२ आणि १९७१ च्या फलकांवर सैन्य कसे पोहोचले ते दोन-दोन ओळींत तरी लिहा. मजकूर तपासून द्यायला निवृत्त अधिकारी विनामोबदला तयार आहेत, मी विचारून घेतले आहे. वाहतूक विमान मिळत नसेल तर त्याचा एखादा सुटा भाग, एखादे इंजिन किंवा पंखा तरी मागवा, आणि शेजारी लेहच्या हवाई वाटेचा नकाशा लावा. शाळेच्या सहली येणार आहेत. मुलांना खोरी, उंची आणि वळणे बोटाने दाखवता आली पाहिजेत. अर्जांची मुदत वाढवा, कारण आपली ती ओळ वाचून अनेक घरांनी अर्ज भरलाच नाही. आणि घरोघरी पडलेली लॉगबुके, पत्रे, छायाचित्रे स्कॅन करून जपण्याची सोय स्मारकात करा. हा कागद ठिसूळ झाला आहे आणि तो सांभाळणारी माणसेही थकली आहेत.

यात खर्चाची फारशी बाब नाही. भिंत अजून कोरलेली नाही, दगड यायचा आहे. आत्ता बदलायची आहे ती एक ओळ आणि अर्जातला एक रकाना. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि निर्णय काय झाला तो कारणांसह लेखी कळवावा, अशी विनंती आहे. बैठकीला बोलावलेत तर मी येईन, माझ्याबरोबर आणखी काही कुटुंबे येतील, आणि बाबांची लॉगबुके मी स्कॅनिंगसाठी त्याच दिवशी समितीच्या हवाली करीन.

आपली विश्वासू,
एका वाहतूक वैमानिकाची मुलगी